गोदाआत्याच्या ओट्यावर नॉर्वेची डॉक्टर

नांदेडहून जीप निघाली तेव्हा खिडकीची जागा मी सोडली नाही. परदेशी पाहुणीला खिडकी द्यावी एवढी रीत मला कळते. पण हा माझ्या उन्हाळी सुट्ट्यांचा रस्ता होता.

पाहुणी म्हणजे डॉ. इंग्रिड. नॉर्वेतलं एक इस्पितळ आणि नांदेडमधलं एक इस्पितळ मिळून खेड्यांतल्या बायकांची तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी करत होती. मी पुण्याहून दुभाषी म्हणून आले होते. त्यात माझा स्वार्थही होता. चाकूरजवळच्या खेड्यात माझी गोदाआत्या राहते. तिच्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय आणि ती कुणाला बघू देत नाही, असं तिच्या घरातल्या वहिनीने फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

लोह्याला चहासाठी थांबलो. इंग्रिडबाईंनी भज्यांसोबतची तळलेली मिरची अख्खी तोंडात घातली आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. भजीवाला शांतपणे म्हणाला, "पानी नका पिऊ बाई, साखर खावा." त्यांनी निमूटपणे साखर खाल्ली.

अहमदपूर मागे पडलं. काळ्या रानात हरभरा घाटे धरत होता. रस्ता मात्र ओळखू येईना. जिथे आमची एसटी हमखास बंद पडायची आणि आम्ही पोरं खाली उतरून चिंचा वेचायचो, तिथली झाडं रुंदीकरणात गेली होती. रस्ता गुळगुळीत झाला हे चांगलंच, पण मला त्याचा राग आला.

गावात पोचलो तेव्हा आत्याने भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची) केली होती. जेवणं उरकली आणि शेजारच्या बाया ओट्यावर जमल्या. आत्याने तव्यावर मिसरी (दात घासायची भाजलेली तंबाखू) टाकली. तो करपट, गोडसर वास आला आणि मी पुन्हा परकरी पोर झाले. खरं सांगते, माहेर म्हटलं की मला तोच वास आठवतो. या ओट्यावर बायांची किती रडणी आणि किती हसणी मी ऐकली होती!

मी तपासणीचा विषय काढताच आत्या म्हणाली, "परक्या मानसापुढं तोंड वासून बसू व्हय? न्हाई."

इंग्रिडबाईंनी हट्ट केला नाही. मिसरी कशी करतात, कशी लावतात, एवढंच विचारलं. आत्या खुलली. तव्यावरची मिसरी कुटून दाखवली. मग एका बोटाने गाल ओढून धरला नि दुसऱ्या बोटाने लावत म्हणाली, "हे असं. आतून, कडंकडंनं."

इंग्रिडबाई मान हलवत, वाकून बघत होत्या. बघता बघता त्यांची मान हलायची थांबली. आत्याने बोट काढलं.

"बगितलंस म्हन की," ती म्हणाली.

"बघितलं," त्या म्हणाल्या. चट्ट्याचा तुकडा काढून लातूरला तपासायला हवा, उशीर नको. हे मी मराठीत सांगितलं.

"मंग हे सोडावं लागंल?"

"हो."

"सोडलं तर दुपारी ह्या बायांत बसून काय करू माय?"

मी प्रश्न तसाच इंग्रिडबाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "माझी आई शेजारणींबरोबर स्वयंपाकघराच्या दारात सिगारेट ओढत बसायची. तिला सगळे सोड म्हणायचे, पण तिचं त्या दाराशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यातच ती गेली."

मी सांगितलं. आत्याने त्यांचा हात हातात घेतला. "तुजी बी माय गेली व्हय," म्हणाली. मग म्हणाली, "उद्या चला लातूरला."

तुकडा तपासला. कॅन्सर झालेला नव्हता, पण चट्ट्याने ती वाट धरली होती. चट्टा काढून टाकला. मी पुण्याला परतले, आणि माझी दुपार आत्याच्या त्या प्रश्नातच जायला लागली. तिची मिसरी सुटली, पण बाया तुटल्या तर?

परवा वहिनीचा फोन आला. दुपारी बाया अजून जमतात म्हणे. आत्या एकेकीला उन्हाकडे तोंड करून बसवते, गाल ओढायला लावते आणि मोबाइलच्या उजेडात बघते. एकीला तिने लातूरला धाडलंसुद्धा. दोघी-तिघींनी मिसरी सोडलीय, बाकीच्या लपवून लावतात आणि पकडल्या जातात.

मग आत्याने फोन घेतला. "कवा येतीस? वट्यावर जागा हाय. पर आधी तोंड दाखवावं लागंल."

मला रडू आलं. मी म्हटलं, "दाखवते."