लॅपटॉपच्या पंख्यातलं तेल

मी फार बोलत नाही. लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात आयुष्य गेलं, तिथल्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकतंय? कडोदऱ्याच्या खात्यातून डिंडोलीत घरी आलो तरी गप्पच बसायचो. घरच्यांना वाटायचं, दमलाय बिचारा. पण एक गोष्ट मी दमल्यामुळे नाही, मुद्दाम लपवून ठेवली होती.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या मुलीने परत फॉर्म भरला. कॉम्प्युटरचा कोर्स तिने पहिल्याच वर्षी सोडला होता. आता साडी मार्केटमध्ये एका दुकानात बिलिंगला बसते. घरून शिकून डिग्री पुरी करता येते, धडे आणि परीक्षा सगळं ऑनलाइन, असं तिला कळलं होतं. "मोबाईलवर करीन," म्हणाली. प्रोग्राम लिहायचे, तेही मोबाईलच्या टीचभर पडद्यावर. महिन्या-दोन महिन्यांत कंटाळून सोडेल आणि या वेळी कायमचं सोडेल, हे मला दिसत होतं.

मी म्हटलं, "नवा लॅपटॉप घेऊ."

तिने मोबाईलवरून मान वर केली नाही. "रहेवा दो, पप्पा. परत तेच ऐकावं लागेल."

'तेच' म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत होतं. कॉलेजला गेली तेव्हा मी तिला जुना लॅपटॉप घेऊन दिला होता. काही महिन्यांनी तो तापायला लागला, काम चालू असताना मध्येच बंद पडायला लागला. ती रडकुंडीला येऊन सांगायची आणि मी म्हणायचो, "लॅपटॉपला नावं ठेवू नको. तुलाच अभ्यास नकोय." धुळ्याहून पाहुणे आले की त्यांच्यासमोरही म्हणायचो. वर्षाच्या शेवटी विषय राहिले आणि तिने कॉलेज सोडलं.

आता न बोललेलं सांगतो. मी जॉबर आहे. लूम बिघडला की दुरुस्त करणारा. त्या दिवसांत लॅपटॉपचा पंखा किरकिर करायचा. मशीन किरकिरलं की आमचा हात तेलाच्या कुपीकडे जातो, त्यात विचार करावा लागत नाही. एकदा मुलगी अंघोळीला गेली होती. मी कुपीचं टोक पंख्याच्या जाळीत घातलं आणि चार-पाच थेंब सोडले. किरकिर थांबली. मी खूश. पण खात्यातून अंगावर, कपड्यांवर जे तंतू घरी येतात ते कुठे जाणार? पंखा हवेबरोबर ते आत ओढत राहिला आणि तेलावर ते बसत गेले. लॅपटॉप तापायला लागला तो त्यानंतर.

दोन्हींचा संबंध मला तेव्हाच लागला होता. खात्यात कापडाचा तागा खराब निघाला तर लूम तपासल्याशिवाय मी कधी तो चालवणाऱ्या कारागिरावर ओरडलो नाही. त्याबद्दल लोक मला मान देतात. घरी मात्र लूम मीच बिघडवला आणि ओरडलो कारागिरावर.

फॉर्मच्या त्या बोलण्यानंतर मी माळ्यावरून लॅपटॉप काढला. ठरवलं की हाच चालवायचा, आणि चालला की तिला सगळं सांगायचं. चार्जर लावून सुरू केला. पडदा उजळेपर्यंत माझी दाढी करून झाली. तिचे जुने फोटो पेन ड्राइव्हवर घ्यायला लागलो तर मनगटाखाली चटका बसायला लागला आणि पडदा एकदम काळा. परत सुरू, परत काळा. ती पोर कितीतरी महिने हे सोसत होती.

सुट्टीच्या दिवशी स्टेशन रस्त्यावरच्या दुकानात नेला. दुकानदाराने खालचं झाकण उघडलं आणि हसला. आत काळा, चिकट लगदा बसला होता, जुन्या गादीतल्या कापसासारखा.

"काका, आ लॅपटॉप छे के भजियांनी कढाई? तेल कोणे नाख्युं?"

आणि मी म्हणालो, "पोरीने टाकलं असेल."

तोंडातून निघून गेलं, असं म्हणणार नाही. मला कळत होतं मी काय बोलतोय.

"छोकरीने कहेजो, आमां तेल ना नखाय," तो म्हणाला. पोरीला सांगेन, यात तेल घालायचं नसतं, अशी मी मान हलवली. त्याने लगदा काढला, पंखा पुसला, आतली उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली आणि वर सांगितलं, "नवं विंडोज यावर चढणार नाही, काका. जुनं आहे ते जड झालंय. भंगारात द्या. नाहीतर विंडोजच्या जागी लिनक्स टाका, हलकं असतं. पण तुम्हाला जमणार नाही."

जमणार नाही म्हटल्यावर मला उलट बरं वाटलं. पोरीसाठी एवढं अवघड काम तरी आपल्या हाताने करता येईल, असं वाटलं.

तिचे राहिलेले फोटो आधी पेन ड्राइव्हवर घेतले आणि मोबाईलवर हिंदी व्हिडिओ लावून बसलो. त्यातल्या माणसाने सांगितलं तशी सिस्टीम खात्यातल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. पहिल्यांदा लॅपटॉपने पेन ड्राइव्ह ओळखलाच नाही. सुरू होताना कुठलं बटण दाबायचं ते मला उशिरा कळलं. मग 'डिस्क पूर्ण पुसायची का' असं विचारलं तेव्हा हात थांबला. फोटो घेतलेत ना, परत उघडून पाहिले. घेतले होते. हो म्हटलं. सगळं झाल्यावर वायफाय दिसेना. ते मोबाईल केबलने जोडून सुधारलं.

बायको दारातून बघत होती. "आते ते डबडं ऱ्हाऊ द्या. जेवाले बसा."

"बसतो. एकदा बंद करून परत चालू करू दे."

चालू केला. चहा ओतून घेईपर्यंत पडदा तयार. तासभर व्हिडिओ लावून ठेवला, दर थोड्या वेळाने खाली हात घालून पाहिला. कोमट होता, तेवढंच.

संध्याकाळी मुलगी मार्केटमधून आली. चप्पल काढली, टेबलावर बघितलं. "हे कुठून काढलं?"

"बस. सांगायचंय."

मी सांगितलं. कुपी, थेंब, तंतू, पाहुण्यांसमोरचं बोलणं, सगळं. दुकानात परवा काय बोललो तेही. शेवटचं सांगताना तिच्याकडे बघवेना.

"मशीनचं तेल?" तिने विचारलं.

"हो."

"पप्पा, मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. मी बटणं हळू दाबायचे. खाली ओला रुमाल ठेवायचे."

बायको म्हणाली, "इतला वरीस का बरं नही बोलनात?"

लाज वाटायची, म्हणालो. ते खरं होतं पण पुरेसं नव्हतं.

मुलीने लॅपटॉप उघडला. इकडेतिकडे क्लिक करून बघितलं, कोर्सचं पान उघडलं. ते पटकन उघडलं तेव्हा तिच्या भुवया वर गेल्या. मग म्हणाली, "ते दुकान उघडं असेल अजून. मी तिथे रिचार्जला जाते. तो मला ओळखतो. त्याला जाऊन सांगा कोणी टाकलं होतं ते."

"आत्ता?"

"आत्ता."

बायको काही बोलणार होती, मी हाताने थांबवलं आणि शर्ट चढवला.

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती जाईपर्यंत थांबायचा मोह झाला. थांबलो नाही. "त्या लॅपटॉपमध्ये तेल माझ्या मुलीने नव्हतं टाकलं," मी म्हणालो. "मी टाकलं होतं. लूमचं."

गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. दुकानदाराला आधी आठवेना कुठला लॅपटॉप. मग म्हणाला, "हा, भजियांवाळा. तमे, काका?" आणि लगेच, "चाली गयुं?"

"लिनक्स टाकलं. चालतंय."

"लिनक्स तमे नाख्युं?" या वेळी तो हसला नाही.

घरी आलो तेव्हा ती कानात वायर घालून बसली होती. पडद्यावर कुणीतरी शिकवत होतं. तिने एका कानातली वायर काढली.

"सांगितलं?"

"सांगितलं. लोकं होती, त्यांच्यासमोर."

तिने मान हलवली, वायर परत कानात घातली आणि धडा पुन्हा पहिल्यापासून लावला.