बजबजला आलेलं बर्फाचं पातं

एकाच कारखान्यात पुष्कळ वर्षं काढली की माणसाजवळ दोनच गोष्टी साठतात. गुडघेदुखी आणि किस्से! गुडघेदुखीचं कुणाला ऐकायचं नसतं, म्हणून मग किस्से. आमच्याकडे कलकत्त्यात भवानीपूरला कुणी पाहुणा आला आणि मी नुसतं "बजबजला असताना..." म्हटलं, की बायको चहाचं आधण दुप्पट ठेवते. यातला एकही किस्सा मी बनवलेला नाही. तेवढी अक्कल असती तर मी नोकरी कशाला केली असती?

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. कलकत्त्याजवळ बजबजला गंगेच्या काठी एक ज्यूट मिल होती, तिच्या वर्कशॉपमध्ये मी असिस्टंट. माझे वरिष्ठ परांजपे, सांगलीचे. मिलमध्ये आम्ही दोघेच मराठी. मॅनेजर स्कॉटलंडचे, त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. युद्ध संपल्यावर लष्कराचा उरलासुरला माल खिदिरपूरच्या गोदीत लिलावात निघायचा. मिलने चेन-पुलींसाठी खोक्यांचा एक लॉट उचलला. त्यातल्या एका लांबलचक खोक्यात पुली नव्हत्याच! निघालं काय, तर माणसाच्या उंचीचं, आतून वळलेलं लोखंडी पातं, दोन दांडे आणि दोन जाडजूड स्प्रिंगा.

कुणी म्हणालं, बॉयलरचं झाकण. कुणी म्हणालं, गुरांची गव्हाण. परांजप्यांनी पाठीमागची पट्टी पुसून वाचली आणि जाहीर केलं, "हे स्नो बाजूला सारायचं पातं आहे."

त्या काळी स्नो म्हणजे बायका तोंडाला लावतात ते क्रीम. आमचे स्टोअरकीपर हरिपदबाबू वजनदार गृहस्थ, आणि घरी चार मुली. त्यांनी पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "एत बड़ो मुख कार?"

एवढं मोठं तोंड आहे तरी कुणाचं!

*

आता बजबजला बर्फ कुठला? पण गाळ होता. मोठी भरती आली की गंगा जेटीच्या रस्त्यावर गाळ टाकून जायची आणि मजूर दिवसभर फावडी मारत बसायचे. परांजपे म्हणाले, "बर्फ ढकलतं ते गाळ का नाही ढकलणार?" साहेबांच्या बंगल्यामागे एक जुना गार्डन ट्रॅक्टर पडून होता. आधीच्या साहेबांनी हिरवळ कापायला विलायतेहून आणवलेला. त्यालाच हे पातं बसवायचं ठरलं.

साहेबांनी पाइप तोंडातून न काढता सांगितलं, "पावसाळ्याच्या आत चाललं पाहिजे. नाहीतर दोन्ही भंगारात. आणि परांजपे, तुमचे प्रयोगही!"

वर्कशॉपमध्ये परांजप्यांचे प्रयोग बरेच होते. त्यांचा चेहरा उतरला.

ट्रॅक्टर आणायला ड्रायव्हर रामसेवक गेला आणि हात हलवत परत आला. तो बिहारातल्या छपऱ्याचा, गडी धिप्पाड पण मनाने मऊ. म्हणाला, "साहब, सीट खाली नहीं है।"

सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती! रामसेवक काही तिला उठवेना. पिल्लं बाहेर पडेपर्यंत अख्खं वर्कशॉप थांबलं. परांजपे रोज संध्याकाळी बंगल्यामागे चक्कर मारून यायचे. एकदा साहेबांनी विचारलं, "ट्रॅक्टरचं कुठवर आलं?" परांजपे गंभीरपणे म्हणाले, "सर, अजून उबतंय."

*

पहिल्यांदा आम्ही पातं बसवलं ते सरळ पुढच्या अ‍ॅक्सलला. दिसायला झकास दिसलं. रामसेवकने ट्रॅक्टर सुरू केला, पातं गाळात उतरलं, आणि गाळाच्या रेट्याने पुढची चाकंच तिरपी झाली. ट्रॅक्टर डावीकडे वळला तो वळतच राहिला. जेटी राहिली एकीकडे, स्वारी निघाली कँटीनकडे! चहा पिणारे लोक बाकांवर चढले.

परांजपे मागून धावत ओरडताहेत, "सीधे चलाओ! सीधे!"

रामसेवक स्टिअरिंगला लोंबकळत ओरडला, "हम तो सीधे ही हैं साहब, रास्ता टेढ़ा जा रहा है!"

मग परांजप्यांनी सगळं उतरवलं. नवे लांब दांडे घडवले, ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागे नेले आणि मागच्या अ‍ॅक्सलजवळ पिनांनी अडकवले. आता जोर मागून लागत होता. पातं उचलायला सीटशेजारी एक लिव्हर बसवला. ट्रॅक्टर सरळ चालायला लागला.

म्हणजे, चालला असता. पण आता पातं गाळात रुतलं की मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची. मागे वजनच नव्हतं.

*

वजन हवं म्हटल्यावर परांजप्यांची नजर फिरत फिरत हरिपदबाबूंवर थांबली. बाबू बिचारे गंमत बघायला आले होते. त्यांना मागच्या फळीवर बसवलं, छत्री हातात दिली, आणि काय सांगू! चाकांनी जमीन धरली. गाळ सायीसारखा बाजूला होत गेला. मजुरांनी टाळ्या वाजवल्या. बाबूंनाही स्फुरण चढलं. ते छत्रीने दिशा दाखवायला लागले.

इकडे स्टोअरला कुलूप! बेअरिंग हवं, बोल्ट हवे, तेल हवं, दारात ही रांग. शेवटी साहेबांचा फोन आला. मी उचलला.

"हरिपद कुठे आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, त्यांना ट्रॅक्टरला बसवलंय."

 पलीकडून आवाज आला, "काढा. आणि परत जागेवर बसवा."

त्यांच्या जागी बिडाची वजनं टांगली. हरिपदबाबू दुपारी मुद्दाम येऊन ती बघून गेले. एकापुढे एक, एकापुढे एक, अशी ती टांगलेली पाहून त्यांचा चेहरा पडला. नंतर पुष्कळ दिवस ते डब्यातला भात अर्धाच खायचे.

*

आता स्प्रिंगांचं. त्या कशासाठी आहेत हे परांजप्यांना कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी त्या बाजूला ठेवल्या होत्या. पातं घट्ट बसलंय, आणखी काय पाहिजे! एके सकाळी रामसेवक झोकात येत होता. गाळाखाली ट्रॉलीचा जुना रूळ होता, तो कुणाच्या ध्यानात नव्हता. पातं त्याला थडकलं, ट्रॅक्टर जागीच थांबला, रामसेवक मात्र थांबला नाही! बॉनेटवरून जो गेला तो थेट पुढच्या चिखलात.

परांजपे धावत गेले आणि पात्यापाशी बसले. "पिन वाकली का हो?" त्यांनी मला विचारलं.

रामसेवक चिखलातून उठला. खांद्याला मुका मार होता. त्याने चावी काढली, परांजप्यांच्या समोर जमिनीवर ठेवली आणि क्वार्टरकडे चालू लागला.

स्प्रिंगा कशासाठी होत्या ते आता सगळ्यांना कळलं. पात्याला काही आडवं आलं की ते स्प्रिंगांवर मागे झुकतं, अडथळ्यावरून जातं आणि परत उभं राहतं. परांजप्यांनी त्या बसवल्या. पण ट्रॅक्टरवर रामसेवक बसेना. तो रोज कामाला यायचा, मिलच्या ट्रकवर बसायचा, परांजप्यांशी अवाक्षर नाही. परांजप्यांना जेवण जाईना. शेवटी मला म्हणाले, "चला हो माझ्याबरोबर. एकट्याने जायची लाज वाटते."

परांजपेवहिनींनी पुरणपोळ्या करून दिल्या होत्या. क्वार्टरच्या ओट्यावर परांजपे उभ्याउभ्याच म्हणाले, "रामसेवक, मैंने पहले पिन देखा. पहले तुमको देखना था."

रामसेवकने खाट पुढे सरकवली. डबा उघडला, पोळीचा घास घेतला आणि एकदम चावायचा थांबला. त्यांच्या गावची, अशीच डाळ भरलेली दालपुरी असते तिखटमिठाची. त्याने आमच्याकडे पाहिलं, घास कसाबसा गिळला आणि हळूच म्हणाला, "साहब, घर जाके बहूजी को डाँटिएगा मत।"

"का? क्या हुआ?"

"नमक की जगह चीनी पड़ गई है।" मग त्याने डबा जवळ ओढला. "ग़लती किससे नहीं होती!"

दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टरवर होता.

*

आणि हा किस्सा मे महिन्यातला. त्या वर्षी मिल विकली जायची बोलणी चालली होती. साहेब स्कॉटलंडला परत जाणार हे ठरलं होतं. युद्धाच्या आधीपासून ते घरी गेलेले नव्हते, आणि तिकडे आता त्यांचं कुणी उरलंही नव्हतं.

खिदिरपूरहून सुटं मीठ घेऊन निघालेली एक नाव आमच्या जेटीपाशी फुटली. पाणी आत येतंय पाहून नावाडी हात जोडत वर आला. सगळं मीठ त्याच्या जोखमीवर होतं. साहेबांनी भोंगा वाजवून मजुरांना बोलावलं, टोपल्यांनी मीठ वर काढलं आणि जेटीच्या आवारात ओतलं. शेवटची टोपली आली आणि वायव्येला आभाळ काळंकुट्ट झालं. कालबैशाखी, बंगालचं उन्हाळी वादळ! एक सर आली की मिठाचं पाणी. गोदाम आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. टोपल्यांनी ते होणं शक्यच नव्हतं. नावाडी मिठाच्या ढिगाजवळच मटकन खाली बसला.

परांजपे नुसतं म्हणाले, "रामसेवक!"

रामसेवकने पातं खाली सोडलं आणि मिठात घातलं. एक फेरी, दुसरी फेरी. मीठ पात्यापुढे गोळा होत गोदामात जात होतं, कडेने सांडलेलं दोन्ही बाजूंना पांढऱ्या वरंब्यासारखं उभं राहत होतं, आणि मधून स्वच्छ रस्ता होत चालला होता. आमच्या अंगाला सदरे चिकटले होते. घामाने डोळे चुरचुरत होते.

साहेब व्हरांड्यातून खाली उतरले. मला वाटलं, काही हुकूम द्यायला येताहेत. पण ते त्या दोन पांढऱ्या वरंब्यांच्या मधून, ट्रॅक्टरच्या मागे मागे, अगदी सावकाश चालत राहिले. पाइप विझला होता. मध्येच थांबून त्यांनी कोटाची कॉलर वर केली.

कडेचे वरंबेसुद्धा आत गेले. नावाडी रडत होता. पहिले टपोरे थेंब पडले तेव्हा आम्ही सगळे गोदामात होतो. साहेब सर्वांत शेवटी आले. उंबऱ्यावर त्यांनी दोन्ही बूट आपटले, एकदा डावा, एकदा उजवा. हाताची ओंजळ तोंडाशी नेऊन तिच्यात फुंकर मारली.

आणि वळून म्हणाले,

"दार लावून घ्या, परांजपे. थंडी आत येतेय."