हळदीखाली गेलेला एपिसोड

आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे शेपूट घालायची सोय राहणार नाही. लहानपणी मी एका टीव्ही मालिकेचा एपिसोड मनाने रचला आणि खरा म्हणून वडिलांना सांगितला. त्यापायी त्यांची जन्माची दोस्ती तुटली. आता मी पन्नाशी ओलांडलीय, आबा ऐंशीला टेकलेत, आणि ते मला तोच एपिसोड शोधून आण म्हणतायत.

मालिकेचं नाव सांगत नाही. ज्यांना आठवेल ते उगाच डोळे पुसत बसतील. दर गुरुवारी रात्री लागायची. एका गावातला छापखाना, दोन भाऊ. थोरल्यावर चोरीचा आळ येतो, तो घर सोडून जातो, आणि मग आई कित्येक गुरुवार दाराकडे बघत बसते. एवढ्यावर अख्खा देश जेवायचा थांबायचा.

आम्ही तेव्हा बोईसरला चाळीत राहायचो. आबा साताऱ्याकडचे, कापड रंगवायच्या कारखान्यात. नखं आठवडाभर निळी, पुढच्या आठवड्यात जांभळी. त्यांच्याच खात्यातले एक दोस्त उमरोळीचे, मी त्यांना काका म्हणायचो. आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहायचे. चाळीत टीव्ही त्यांच्याकडेच. गुरुवारी त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस माणसं बसायची, आणि सगळ्यांत पुढे आबा आणि काका मांडीला मांडी लावून. थोरला घर सोडून गेला त्या दिवशी दोघंही नाक ओढत होते आणि एकमेकांना सर्दी झाल्याचं सांगत होते.

मग कारखान्यात माणसं कमी पडली आणि आबांना सलग दोन महिने सेकंड शिफ्ट लागली, दुपारी तीन ते रात्री अकरा. गुरुवार गेला. मला हुकूम झाला, "नीट बघायचं आन सकाळी सांगायचं. गाळायचं न्हाई काय."

शुक्रवारी सकाळी आबा आरसा खिडकीला टेकवून दाढी करायचे आणि मी स्टुलावर बसून एपिसोड सांगायचो. रंगात आलो की त्यांचा वस्तरा गालावर थांबायचा. एरवी घरात माझं कुणी ऐकत नसे. मार्कांविषयी तर मीच बोलत नसे. पण शुक्रवारी माझा बाप अर्ध्या तोंडाला फेस लावून माझ्याकडे बघत राही.

घोळ असा झाला, की एका गुरुवारी मालिकेतली आई आजारी पडली. खोलीत सगळ्या बायका हुंदके देत होत्या. त्या आईच्या मिशीवर, म्हणजे ओठांवर बारीक लव होती तिच्यावर, माशी बसली. मेकअपवाल्यांना दिसली नाही, मला दिसली. मी फिस्सकन हसलो. काकींनी मागे वळून बघितलं.

"कोनाचा मरन ज्याला हसण्यासारका वाटतो, त्यानं भायेर जावा."

मी बाहेर गेलो. पुढच्या गुरुवारी त्याच काकींनी मला दारातून हाक मारली, "ये रे, बस आत. हसू नको म्हंजे झाला." मीच गेलो नाही. दहा वर्षांच्या माणसालाही अब्रू असते. मी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर अर्धा तास पाय हलवत बसलो, आणि सकाळी आबांना एपिसोड तर हवा होता. दुसऱ्या पोरांना विचारलं असतं तर कळलं असतं मी नव्हतो ते. म्हणून रचला.

थोरला भाऊ परत आला, असं मी सांगितलं. भर दुपारी, अंगणात, हातात पत्र्याची पेटी. धाकटा त्याच्या पाया पडला आणि चोरी आपण केल्याचं त्याने कबूल केलं. आईने औषध फेकून दिलं आणि पिठलं टाकलं. पिठलं आबांना आवडतं म्हणून मीच टाकलं होतं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि पंच्याने डोळे पुसले. म्हणाले, डोळ्यात फेस गेला.

त्याच दिवशी शिफ्ट बदलताना कारखान्याच्या कँटीनमध्ये आबांनी ते सगळ्यांना सांगितलं. पिठल्यासकट. काकांनी आदल्या दिवशी खरा एपिसोड बघितला होता. ते म्हणाले, "कोन परत आला? कोनी नाय आला. म्हातारी खाटल्यावर पडून हाय." बाकीच्यांनीही तेच सांगितलं. आबांना वाटलं, परगावचा माणूस म्हणून सगळे मिळून टिंगल करतायत. ते म्हणाले, "माझ्या पोरानं बघितलंय."

"तुजा पोर माज्या घरात नव्हताच."

आबा घरी आले आणि मला उठवून विचारलं. इथे मी एक शब्द खरा बोललो असतो तर दोन थोबाडीत बसून विषय संपला असता. मी म्हणालो, "मी खिडकीतून बघतो. काकी आत घेत नाहीत."

बस. आबांना एपिसोडचं दुःख नव्हतं. पोराला खिडकीबाहेर उभं केलं, याचं होतं. ते काकांशी परत बोलले नाहीत. कँटीनमध्ये त्यांचं नाव 'एपिसोड' पडलं ते रिटायर होईपर्यंत. "काय एपिसोड, आज काय झाला?" कारखान्यात नवीन लागलेली बिहारी पोरंसुद्धा त्यांना एपिसोडचाचा म्हणायची, का ते माहीत नसताना. काका निवृत्त होऊन उमरोळीला गेले, आम्ही पालघरला फ्लॅट घेतला. मध्ये रेल्वेचं एकही स्टेशन नाही, तरी वीस-पंचवीस वर्षांत आबा तिथे उतरले नाहीत.

गेल्या वर्षी आबांचे गुडघे बसले आणि ते दिवसभर टीव्हीसमोर बसू लागले. आजच्या मालिकांवर त्यांचं मत एकच : "ह्यात माणसं तीनदा वळून बघत्यात, बाकी काय करत न्हाईत." मग एकदा म्हणाले, "आपली ती छापखान्याची मिळती का बघ मोबाइलवर. थोरला परत येतो तेवढा बघून मरतो."

मी शोधायला लागलो. न मिळणारा एपिसोड शोधतोय हे ठाऊक असणारा जगात मी एकटाच. जुन्या मालिकांच्या चाहत्यांचा एक ग्रुप सापडला. पन्नाशीतले पुरुष तिथे शीर्षकगीतातली बासरी होती की सनई यावरून एकमेकांची आई काढत होते. आत घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले. छापखान्यातल्या मांजराचा रंग मी चुकवला, तरी दया आली त्यांना. तिथल्या एका निवृत्त कारकुनाने त्या काळी घरच्या टीव्हीवरून कॅसेटी भरून ठेवल्या होत्या. त्याने त्या मोबाइलवर पाठवल्या.

मालिका भिकार होती. छापखान्याचं दार लावलं की भिंत हलायची. माशी मात्र होती, हे बघून मला फार बरं वाटलं.

आबा रोज दोन एपिसोड बघायचे. मी शेजारी बसायचो, जामिनावर सुटल्यासारखा. आणि आई आजारी पडल्यानंतरचा एपिसोड सुरू होऊन पाचच मिनिटांत पडद्यावर एक लठ्ठ नवरी आली, तिच्या गालाला हळद, मागे बँड. कारकुनाने मुलीची हळद त्याच कॅसेटवर घेतली होती. वीस मिनिटं हळद, आणि मग थेट शेवटचा भाग. त्यात थोरला परमुलखात वारल्याची तार येते.

मला वाटलं, सुटलो. आता शिव्या खाऊ. आबा म्हणाले, "मधी येऊन गेलेला तो. ह्या हळदीखाली गेला आपला एपिसोड."

"आबा, शेवटी तो..."

"शेवटाचं कोण बोलतंय? येऊन पुन्हा गेला असंल. त्या हळदवाल्याला इचार, दुसरी कॅसेट असंल. मिळाली की उमरोळीला जाऊ. दाखवतो त्याला."

म्हणून परवा मी एकटाच उमरोळीला उतरलो. ठरवलं होतं, आधी काकांना सांगायचं. परक्यासमोर कबुली देणं सोपं. काका ओटीवर बसले होते, कानाने गेलेले. ओळख पटल्यावर पहिला प्रश्न, "एपिसोड बरा हाय का?" त्यात टिंगल नव्हती. बहुतेक आबांचं खरं नाव ते विसरले असावेत.

काकी चहा घेऊन आल्या. माझ्याकडे बघतच राहिल्या. "हा तो हसणारा," त्या म्हणाल्या. मग कपबशी माझ्या हातात देऊन तिथेच खाली बसल्या. "मीच तुला भायेर काढला व्हता. येवढासा पोर तू. त्यापायी तुजा बाप आमाला तुटला. ह्यांना मी कितींदा बोलले, चूक माजी हाय, मी जाऊन पाया पडते. हे मला जाऊ देत नाय."

"काय बोलते?" काकांनी विचारलं.

"काय नाय. चहाला साकर पुरे का विचारते."

मी म्हणालो, पुरे. चहा प्यालो. काकींनी वालाच्या शेंगा पिशवीत भरून दिल्या, त्याही घेतल्या. फाटकापर्यंत त्या सोडायला आल्या, तेव्हा मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा गाडीची वेळ सांगितली.

घरी आबांनी शेंगा बघितल्या. "कुठनं आणल्यास?"

"उमरोळीहून. काकींनी दिल्या."

बराच वेळ ते शेंगा सोलत बसले. "काय म्हणाला तो?"

"बरे आहात का विचारलं."

"मग सांग येतो म्हणून. पण एपिसोड घेऊनच येणार."

कारकुनाला मी पुन्हा फोन केलेला नाही, कारण त्याच्याकडे काय नाही ते मला माहीत आहे. आबांना मी हे सांगायचं देणं लागतो, की थोरला कधीच परत आला नाही आणि तो एपिसोड मी टाकीच्या कठड्यावर बसून रचला. काकांचं म्हणणं खरं होतं, हे त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायचं देणं लागतो. आणि काकींना, की त्यांनी मला आत बोलावलं होतं, मीच गेलो नाही. यातलं काहीही मी अजून दिलेलं नाही.