फ्राऊ केसलर यांच्या तीन थापा

कल्पना करा, तुमच्या जवळच्या तीन माणसांपैकी कोणीतरी तुमचं बोलणं सरकारला कळवतंय आणि तो कोण, हे तुम्हाला शोधायचंय. विचारायची सोय नाही. विचारलंत, तर तेही कळवलं जाईल. काय कराल?

येनामधल्या माझ्या शेजारीणबाई, फ्राऊ केसलर, यांनी १९८३ साली तिघांना तीन थापा मारल्या. तेव्हा हे शहर पूर्व जर्मनीत होतं आणि श्टासी हे तिथले गुप्त पोलीस. खबऱ्या कोण हे माहीत नसल्यामुळे लोक सगळ्यांशीच जपून बोलत. हवेबद्दल बोलतानासुद्धा सरकारी अंदाजाशी मतभेद टाळत. बाई भिंगांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. दोष कुठल्या यंत्रातून येतो हे कळावं म्हणून प्रत्येक यंत्राच्या मालावर त्या वेगळी खूण करत. तीच पद्धत त्यांनी माणसांना लावली.

फोरमनला सांगितलं, घरी पोपट आहे, तो पक्षाच्या पुढाऱ्याची नक्कल करतो. आठवड्यात दोघेजण हीटर तपासायला आले आणि अर्धा तास पडद्यांमागे डोकावत राहिले. खालच्या मजल्यावरच्या बाईला सांगितलं, तळघरात बटाट्यांखाली वायरलेस दडवलाय. कोणीतरी बटाटे उपसले आणि, हे बाई आजही कौतुकाने सांगतात, सडके निवडून वेगळे ठेवले.

तिसरी थाप सगळ्यात धोक्याची, आणि ती जिवलग मैत्रिणीसाठी, गिझेलासाठी. ज्या भिंगावर सगळी भिस्त, त्याची चाचणी सगळ्यात कडक, असं बाईंचं म्हणणं. सीमा ओलांडायला गरम हवेचा फुगा शिवतेय, असं त्यांनी तिला सांगून टाकलं. पकडल्या असत्या तर थेट तुरुंग. पंधरा दिवस त्यांना धड झोप नव्हती. कोणी आलं नाही. गिझेला पास.

आता दोघी ऐंशीच्या पुढे, दोघींचे नवरे गेलेले. एकत्र राहायचं ठरलं, फ्लॅट मिळाला, मीटफरट्रागवर, म्हणजे भाडेकरारावर, गिझेलाने सहीसुद्धा केली. बाईंची बाकी होती. शेवटची तपासणी केल्याशिवाय माल सोडायचा नाही ही जुनी सवय. म्हणून त्यांनी स्वतःची श्टासी फाइल मागवली; दोन्ही जर्मनी एक झाल्यापासून ती ज्याची त्याला बघता येते. डोळ्यांत मोतीबिंदू, तेव्हा वाचायला मी.

पोपट सापडला. बटाटे सापडले. बाई खूष होऊन कॉफी ओतत होत्या. मग ‘माळी’ असं टोपणनाव घेतलेल्या कोणाचे तरी एकतीस अहवाल निघाले. सगळे जवळपास सारखे: रविवारी भेट दिली. विशेष काही नाही. आलुबुखाराचा केक पुन्हा कोरडा.

रविवारी केक खायला एकच माणूस यायचं.

“कोरडा,” बाई म्हणाल्या, आणि किटली खाली ठेवली.

मी सगळी पानं दोनदा चाळली. फुगा कुठेच नव्हता, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, गिझेलाचे वडील चर्चमध्ये पाद्री होते, अशा घरातल्या मुलांना सरकार सहसा कॉलेजात घेत नसे, तरी त्या वर्षी तिच्या मुलाला मेडिकलला जागा मिळाली. सगळ्यांना नवल वाटलं होतं. कशी मिळाली, हे कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा तसं विचारत नसत.

मग करार पुढे ओढून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. सही मात्र केली नाही.

“आल्झो, बरं तर, तू इंजिनिअर आहेस, तूच सांग,” त्या म्हणाल्या. “फुग्याचं तिने लिहिलं नाही, ते मला वाचवायला, की माझा फुगा उडेल असं तिला वाटलंच नाही म्हणून?”