आमच्या घरातली अपक्ष

माझी बायको पाच वर्षं आमच्या गावची सरपंच होती, आणि खुर्चीवरही तीच बसायची. आसपासच्या गावांत बाई सरपंच झाली की कुठे सही करायची ते नवरा सांगतो आणि ग्रामसभेत माइकही तोच धरतो. मी नाशिक रोडला एका सरकारी कचेरीत कारकून. सकाळी आठला घर सोडायचं, संध्याकाळी सातला परत. मला तसं काही जमलं नसतं, आणि तिनं जमू दिलंही नसतं.

आमचं गाव ओझरच्या अलीकडे, हायवेला लागून. रस्ता मोठा झाला तसं गाव दोन तुकड्यांत विभागलं. घरं या बाजूला; शाळा, दवाखाना आणि निम्म्याहून जास्त मळे पलीकडे. गुलाब-शेवंतीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायका, शाळेची पोरं, दुधाचे कॅन लावलेल्या सायकली, सगळे दुभाजकातल्या एका फटीतून जीव मुठीत धरून पलीकडे जायचे. गावाचं मागणं एकच होतं. खालून भुयारी मार्ग द्या.

एका सकाळी अंगणवाडीची मदतनीस पोरांच्या खिचडीचा डबा घेऊन रस्ता ओलांडत होती. तिला ट्रकनं उडवलं. माझी बायको ग्रामपंचायतीतून धावत गेली तेव्हा बाई संपलेली होती. बॉडी नेल्यावरही ही तिथेच खाली बसून राहिली आणि रस्त्यावरची खिचडी हातानं गोळा करू लागली. लोक म्हणाले, ताई, उठा. ती म्हणाली, "गाड्या जातायत तिच्यावरून." हे मी पाहिलेलं नाही. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती मोरीत हात धूत होती आणि बराच वेळ धूतच होती.

त्यानंतर रास्ता रोको झाला, साहेब आले, दोन महिन्यांत बघतो म्हणाले. ती वर्षभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिली. शेवटी एका अधिकाऱ्यानं तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाला, "मॅडम, सरपंचाच्या पत्रानं हे होत नाही. आमदारानं रेटायला पाहिजे." आमदारांची भेट काही मिळत नव्हती. घरी येऊन ती म्हणाली, "मग आमदार व्हायला पाहिजे." मला वाटलं, थकून बोलतेय.

ती बोलली ते खरं होतं. ज्या पक्षाचं काम करायची त्यांच्याकडे तिनं तिकीट मागितलं. मुलाखतीला नवी साडी नेसून गेली. त्यांनी सांगितलं, ताई, काम चांगलंय तुमचं, पण निवडून यायचं गणित वेगळं असतं. म्हणून तिनं अपक्ष अर्ज भरला. त्यासाठी दहा मतदारांच्या सह्या लागतात. पहिली सही आमच्या शेजारच्या मावशींची. नवरा गेल्यापासून मावशी एकट्यानं शेवंती लावत आणि नाशिकच्या फुलबाजारात नेऊन विकत. एकेक अक्षर जोडत त्यांनी नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "माझी सही पयली ऱ्हाऊ दे. लय दिवसांनी कुनी इचारलं."

माघार घ्यायची शेवटची मुदत दुपारी तीनपर्यंत होती. त्या दिवशी मी रजेवर होतो. सकाळी दहाच्या सुमारास पक्षाचे तालुकाध्यक्ष आमच्या ओट्यावर येऊन बसले. बरोबर आमचे उपसरपंच आणि गावातले दहा-बारा लोक.

"ताई," अध्यक्ष म्हणाले, "तुमची मतं म्हणजे आमच्याच माणसाची मतं. ती फोडून तुम्हाला काय मिळणार? आज माघार घ्या. आचारसंहिता उठली की भुयारी मार्गाचं पहिलं पत्र आमदारसाहेबांचं."

"पत्र आत्ता द्या."

"आत्ता कसं देणार? आचारसंहिता हाय ना."

"मागची पाच वर्षं आचारसंहिता नव्हती. तेव्हा का नाय दिलं?"

अध्यक्ष हसले. लोक हसले नाहीत. उपसरपंच म्हणाले, "ताई, देतायत ते घ्या ना. तुम्हाला आमदारकी पायजे का गावाला रस्ता पायजे, ते एकदा ठरवा."

हे तिला लागलं. ती उठून आत आली. मी स्वयंपाकघरात उभा होतो. इतक्या वर्षांत गावाच्या कामात तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "घे माघार."

"खरंच देतील ते?"

"नाही देणार. पण मग नाव त्यांचं खराब होईल, तुझं नाही."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी भांड्यांच्या फळीकडे बघू लागलो. मग बाहेर जाऊन तिनं सांगितलं, "मी नाय घेत माघार. खोट्या शब्दावर सही केली, तर त्या मदतनीस बाईच्या पोरींना काय तोंड दाखवू?"

लोक एकेक करून उठले. कुणी वाद घातला नाही. जाताना कुणी 'येतो ताई' म्हणालं नाही, एवढंच. तीन वाजेपर्यंत तिचा फोन वाजत होता. ती ओट्यावर बसून मेथी निवडत होती आणि फोन वाजू देत होती.

तिला चिन्ह मिळालं शिलाई मशीन. एक रिक्षा, एक भोंगा, मावशी आणि तिच्या माहेरच्या, विंचूरकडच्या, दोन भावजया, एवढाच प्रचार. सरकारी नोकरानं प्रचारात दिसू नये असा नियम आहे. त्या दिवसांत तो मला फार उपयोगी पडला. ऑफिसात कुणी विचारलं की मी म्हणायचो, नियम आहे ना, मी यात नाही. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. तिची, की माझी, ते तेव्हा कळत नव्हतं.

संध्याकाळी ती घसा बसलेला घेऊन यायची आणि गरम पाण्याचा पेला हातात धरून मला सांगायची. एका गावात बायका म्हणाल्या, तुम्ही तुमच्या रस्त्यासाठी उभ्या, आमच्या टँकरचं काय? दुसऱ्या गावात एकानं कांदा तिच्या हातात ठेवला आणि म्हणाला, याचं बोला आधी. एका गावात शाळेचं छप्पर उडून गेलं होतं, वर्ग देवळात भरत होते. ती सगळं वहीत लिहून घ्यायची. एक दिवस म्हणाली, "मला वाटायचं आपलंच गाव मागे राहिलंय." वही मिटून ती भिंतीला टेकली. "सगळीकडे हेच आहे हो. मी एकटी कुठे पुरणार?" मी तिला धीर द्यायला हवा होता. मी म्हणालो, जेवून घे.

मतदानाच्या दिवशी गावातल्या बायका तिच्याकडे बघून हसत होत्या. त्या हसण्यावर तिनं विश्वास ठेवला.

मतमोजणीला मी बरोबर गेलो. निवडून येत नाही हे तिलाही ठाऊक होतं. तिला फक्त आमच्या गावाची पेटी बघायची होती. आमच्या गावाचा आकडा आला तेव्हा तिनं शेजारच्या प्रतिनिधीला पुन्हा वाचायला सांगितलं. त्यानं पुन्हा वाचला. दर संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकवाला जेवढ्या बायका येतात, तेवढीसुद्धा मतं नव्हती. डिपॉझिट तर गेलंच. ती उठली आणि गर्दीतून वाट काढत बाहेर आली. परतीच्या वाटेवर म्हणाली, "मावशींचं मत असेल ना त्यात?" मी म्हणालो, "असणारच."

अध्यक्षांचा माणूस निवडून आला. आमच्या गावात त्याचा सत्कार झाला, ट्रॅक्टरभर गुलाल उधळला. सरपंच म्हणून तिलाही व्यासपीठावर बसवलं आणि श्रीफळ द्यायला लावलं. तिनं दिलं. भाषणात भुयारी मार्गाचा विषय निघाला नाही, आणि कुणी काढलाही नाही.

उन्हाळ्यात रस्त्याची माणसं आली. लोकांना वाटलं, काम सुरू झालं. त्यांनी दुभाजकातली फट बंद करून छातीएवढी लोखंडी जाळी बसवली. अपघात होऊ नयेत म्हणून. आता पलीकडे जायला दोन किलोमीटर चालून पुढच्या चौकातून फिरून यावं लागतं. ती पुन्हा कचेरीत गेली. नवे साहेब म्हणाले, तुमचीच तक्रार होती ना मॅडम, फटीबद्दल? आठवड्याभरात कुणीतरी जाळीचे दोन गज वाकवले आणि लोक त्यातून जाऊ लागले.

शेवंतीच्या हंगामात मावशी तिथे अडकल्या. पाटी आधी पलीकडे दिली, मग स्वतः वाकून निघाल्या, तोल गेला आणि त्या रस्त्यावर पडल्या. गाडीनं ब्रेक मारला तरी चाक पायावरून गेलं. डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय काढला.

आम्ही दोघं भेटायला गेलो. वॉर्डात उकडत होतं. बायको मावशींच्या उशाशी बसली आणि त्यांच्या केसांतून हात फिरवू लागली. मावशी छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, राग मानू नको. त्या दिवशी तू माघारीची सही केली असती, तर रस्ता झाला असता का गं?"

माझ्या बायकोचा हात त्यांच्या केसांतच थांबला.

"समदं गाव म्हनतं," मावशी म्हणाल्या. "मी नाय म्हनत."

त्यानंतर महिनाभरात तिची मुदत संपली. पुढच्या निवडणुकीला तिनं अर्ज भरला नाही, भर म्हणून कुणी सांगायलाही आलं नाही. मावशींची शेवंती त्या वर्षी वेलीसारखी आडवी पसरली आणि वाळली. माझी बायको आता पलीकडे आमच्या मळ्यात जाते ती दोन किलोमीटर फिरून, भर उन्हातसुद्धा. मी म्हटलं, गाडीवर सोडतो, तर नको म्हणते.

एकदा जेवताना तिनं मला विचारलं, "तुम्हालाही तसंच वाटतं का? मी सही केली असती तर?"

मी नाही म्हणालो. लगेच म्हणालो, अगदी ठामपणे. तिनं पोळीचा तुकडा तोडला, भाजीत बुडवला आणि तसाच ताटात ठेवला. "त्या दिवशी तुम्ही घे म्हणाला होतात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मी पुन्हा भांड्यांच्या फळीकडे बघू लागलो.