घाबरं होतंय, म्हणजे काय?

"हार्ट फेल्युअर," तळेगावच्या रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले. हृदय बंद पडलं असा त्याचा अर्थ नसतो, हेही त्यांनी लगेच सांगितलं. हृदयाचा पंप कमजोर होतो. रक्त पुरेसं पुढे ढकललं जात नाही. पाणी फुप्फुसांत आणि पायांत साचतं. आडवं झालं की श्वास कोंडतो.

मग त्यांनी विचारलं, "हे बरेच दिवस चाललं असणार. तुमच्या आत्यांनी कुणाला सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. रोज सांगितलं होतं.

चांगुणाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आंदर मावळातल्या एका वाडीत तिचं आयुष्य गेलं. नवरा तरुणपणीच वारला, मूलबाळ नाही. माहेरी परत ये, असं माझ्या आजोबांनी सांगून पाहिलं. ती आली नाही. सासरची भातखाचरं तिने एकटीने केली, गुरं राखली. वाडीत एसटी येत नाही. डांबरी रस्त्यावरून घरापर्यंत पायी चढ आहे, तो ती डोक्यावर ओझं घेऊन आयुष्यभर चढली.

गेल्या वर्षी गोठ्यात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. पुढे फिजिओथेरपी, म्हणजे चालण्याचा व्यायाम, आवश्यक होती. वाडीत तो शिकवायला कोण येणार? माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून लोणावळ्यातलं नर्सिंग होम ठरलं. अट तिने घातली.

"चालाया लागले का घरी. भात काढायच्या आदी."

ती वॉकर धरून लवकरच चालू लागली. मग तिथल्या परिचारिकेचा फोन आला.

"तुमच्या आत्या घाबरतात हो. आडव्या झाल्या की उठून बसतात. या वयात होतं असं, काळजी करू नका."

नर्सिंग होममध्ये फेरीला येणाऱ्या डॉक्टरांनी एन्झायटीचं निदान केलं. एन्झायटी म्हणजे सतत वाटणारी, आवरता न येणारी चिंता. मन शांत राहावं म्हणून गोळी सुरू झाली. खोलीत रात्रभर दिवा ठेवला जाऊ लागला. आत्या फोन हातात धरत नाही, त्यामुळे तिचं म्हणणं माझ्यापर्यंत परिचारिकेच्या शब्दांत आलं. भेटायला गेलो तेव्हा ती गोळीच्या गुंगीत होती.

पुढच्या भेटीत तिचे पाय पाहिले. चपलेत मावत नव्हते. नडगीवर बोटाने दाबलं, तर खळगा तसाच राहिला.

"बसून बसून येते सूज," परिचारिका म्हणाली.

मी ॲम्ब्युलन्स बोलावली.

तळेगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, काय होतंय?"

"घाबरं व्हतंय."

"घाबरं होतंय, म्हणजे काय होतं?"

आत्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आडवं झालं का छातीवर भाताचं पोतं ठिवल्यागत व्हतं. वारा आत जात न्हाई."

एवढ्यावर पुढच्या तपासण्या झाल्या. एक्स-रेत फुप्फुसांतलं पाणी दिसलं. टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिने पंपाची अवस्था दाखवली.

लघवीवाटे पाणी काढणारी इंजेक्शनं सुरू झाली आणि सलग बोलता येऊ लागल्यावर आत्याने सगळा प्रकार नकलेसह सांगितला.

"म्या म्हनलं, घाबरं व्हतंय. ती म्हनली, घाबरू नका. म्या म्हनलं, अगं बाय, मी भ्याले न्हाई, घाबरं व्हतंय. तर म्हनती, तेच ना आजी!" आत्या हसली आणि तिला खोकला आला. "बिबट्यानं वासरू वढलं तवा कोयता घिऊन मागं गेलते मी. आन् तितं कुनाला भ्यायाचं? बागंतल्या गुलाबास्नी?"

आंदर मावळात भीतीला भ्या म्हणतात. घाबरं होणं म्हणजे जीव कोंडणं, दम न पुरणं. वाडीतलं कोणीही हा शब्द ऐकून गाडी शोधायला पळालं असतं.

नर्सिंग होमच्या संचालिकेला मी हे सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "आम्ही प्रत्येक तक्रारीची दखल घेतली होती," ती म्हणाली. "पण पेशंटने लक्षणं स्पष्ट सांगायला हवीत." ती खोटं बोलत नव्हती. दखल घेतली होती. न वाटलेल्या भीतीची.

तळेगावच्या डॉक्टरांनी एक वाक्य अर्धं सोडलं: "थोडं आधी कळलं असतं, तर..." पुढचं पथ्य मात्र पूर्ण सांगितलं. चढ चढायचा नाही. पाणी मोजून प्यायचं. ऑक्सिजन हाताशी हवा.

तो चढ टाळून वाडीतल्या घरी जाता येत नाही. ऑक्सिजनवरचा रुग्ण दुसऱ्या ठिकाणी कोणी घेतला नाही. आत्या लोणावळ्याच्या त्याच खोलीत परतली. तिथली माणसं आता तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलतात. तिचे कान उत्तम आहेत. तिला कमी समजतं, असा त्यांनी निष्कर्ष काढला आहे.

वेळेत निदान झालं, देवाचे आभार माना, असं नातेवाईक सांगतात. वेळेत झालं नाही. आभार एकाच गोष्टीचे आहेत, त्या डॉक्टरांनी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे. तुमचं माणूस अशा ठिकाणी असेल, तर त्याचं दुखणं त्याच्याच शब्दांत डॉक्टरांच्या कानावर घाला. त्या शब्दाचा शुद्ध मराठीत अर्थ लावण्याचं काम कोणावरही सोपवू नका.

घरी जाता येणार नाही, हे आत्याला मीच सांगितलं. वाडीतली तिची म्हैस शेजारी सांभाळत होता.

"म्हस त्यालाच दिऊन टाक," ती म्हणाली. "गळ्यातल्या दाव्यासकट द्यायची. आपलं दावं ठिवून घ्यायचं न्हाई, म्हंजी ती आपली वाट बघत न्हाई."