आजोबा जन्मले ते पान

मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी माझ्या आजोबांची जन्मनोंद हवी होती. कुडाळच्या कचेरीत एक बाई जन्म-मृत्यूच्या नोंदींची जुनी मोडी पुस्तकं वाचून देत. कागदाला त्या बोट लावत नसत. अंबाड्यात खोचलेला माडाच्या पातीचा काडीसारखा हीर काढायच्या आणि प्रत्येक ओळीखालून हळूच फिरवायच्या.

आमच्या पिंगुळीची पुस्तकं तीन दिवसांत संपली. आजोबा कुठेच नव्हते. मी पिशवी उचलली.

बाईंनी विचारलं, "आजो पयलो झील काय?"

"हो, थोरला मुलगा."

"मगे बापाशीच्या गावात कित्याक शोधतास? पयला बाळातपण म्हायराक! तेच्या आवशीचा म्हायार खंय?"

"वालावल," मी ओशाळून म्हणालो. माझी स्वतःची मुलगी सासुरवाडीला जन्मली, तरी हे मला सुचलं नव्हतं!

वालावलचं पुस्तक आलं. बाराव्या पानावर हीर थांबला, आणि बाई चक्क ओरडल्या, "झील झालो रे, झील!"

सगळी कचेरी वळून बघायला लागली. पलीकडचे कारकून हसत म्हणाले, "बाळ-बाळंतीण खुशाल ना?"

बाईंनी हीर माझ्याकडे रोखला.

"खुशाल नाय तर काय! नातू समोर उभो आसा."